सोपानची पांढरी दरड

सोमवार होता. बेल्ह्याचा बाजार म्हटलं की आमच्या दुकानात सकाळपासून पाय ठेवायला जागा नसते. ओट्यासमोर एका खोंडाच्या दातांवरून दोघांची जुंपली होती, टेंपोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता, आणि मी एका गिऱ्हाइकाला दोर मापून देत होतो. तेवढ्यात फोन वाजला. सोपानची मुलगी रेखा बोलत होती. "कांतीकाका, आण्णा गेले." मी ओरडलो, "कुठं गेले? मोठ्यानं बोल, इथं बाजार आहे!" पलीकडून तिनं तेच शब्द पुन्हा सांगितले. दोराचं भेंडोळं माझ्या हातातून सुटलं, ओट्यावरून घरंगळत रस्त्यावर गेलं आणि एका बैलाच्या पायात अडकलं. बैलाच्या मालकानं मला आईवरून शिवी दिली.

सोपान औटी, आमच्या नदीकाठच्या गावातल्या शाळेचा भूगोलाचा मास्तर, माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि मधली काही वर्षं माझा दुश्मन, भांडता भांडताच गेला. कुकडीच्या काठावर वाळूचा ट्रॅक्टर उतरत होता, हा जाऊन आडवा उभा राहिला. ट्रॅक्टरवाला त्याचाच जुना विद्यार्थी. त्यानं नंतर मला सांगितलं, "काका, सर मला नावनाव घेऊन झापत व्हते. माझ्या आज्यापासून सुरुवात केली त्यांनी. आन मधीच थांबले. छातीला हात लावला आन खालीच बसले. मला वाटलं, नाटक करत्यात... नेहमीवानी." त्यानंच सरांना उचलून ट्रॉलीत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो ड्रायव्हरसीटवरून मागं वळून ओरडत होता, "सर, शिव्या द्या, पन बोला!" सोपान काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाला तरी उत्तर दिलं नाही.

याला आता दीड महिना होत आला. दहाव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर चांगला माणूस, पण त्यांना माईक दिसला की राहवत नाही. ते म्हणाले, "सरांच्या ध्यासाला साथ देऊन ज्यांनी उदार मनानं आपली नदीकाठची पांढरी दरड विज्ञानासाठी सोडून दिली, ते सरांचे बालमित्र कांतिशेठ आज आपल्यात बसले आहेत." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दोघाचौघांनी तर शोकसभा विसरून टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी हात जोडले आणि मान खाली घातली. समोरच्या रांगेत सोपानची बायको सुमनवहिनी बसली होती. तिनंही वळून मला नमस्कार केला. त्या नमस्कारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ती दरड मी दिली नव्हती. सोपाननं ती माझ्याकडून घेतली होती. कशाच्या बदल्यात घेतली, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि आता दोघांतला एकच उरला.

आम्ही पहिलीपासून एका बाकावर. माझे पणजोबा मारवाडातून इकडं आले, पण मला मारवाडी येते ती आजीनं रागवण्यापुरती. सोपान शेतकऱ्याचा, चार पिढ्या नदीकाठची काळी जमीन कसणाऱ्या घरातला. मी त्याला सोप्या म्हणायचो, तो मला कांत्या. त्याच्या खिशात कायम दगड असायचे. विहीर खोदताना सुरुंग उडाला की सगळी पोरं कानात बोटं घालून पळायची आणि हा उडालेल्या दगडांकडं धावायचा. काळा दगड फुटला की आत कधीकधी पोकळी निघते, आणि त्या पोकळीत पांढऱ्या काचेच्या सुया उगवलेल्या असतात. तसला एक दगड त्यानं मला तिसरीत असताना दिला होता. मी तो एका पेरूच्या बदल्यात तिसऱ्यालाच दिला. धंदा माझ्या रक्तातच होता, त्याला काय करणार!

तो पुण्याला शिकून नव्वदच्या आसपास गावातल्याच शाळेत मास्तर म्हणून परत आला, आणि त्याचा वर्ग म्हणजे एक तमाशाच झाला. पुस्तक बाजूला ठेवून तो पोरांना आण्याच्या घाटात घेऊन जायचा. रस्त्यासाठी जिथं डोंगर कापलाय तिथं उभं करून सांगायचा, "मोजा रे थर. ह्यो एक, ह्यो दुसरा. ही लाव्ह्याची जेवणावळ हाय. एक पंगत उठली का दुसरी बसली. आपुन ज्याच्यावर कांदा लावतो ना, ती सगळी गोठलेली आग हाय." घाटात ओढ्यानं दगड पोखरून केलेला पूल आहे, पाणी खालून आणि गाड्या वरून. तो दाखवून म्हणायचा, "पान्यानं दगडाला मारला बुक्का. एक न्हाई, लाखांनी मारले." त्याला शांत निसर्ग वगैरे काही ठाऊकच नव्हतं. त्याच्या तोंडी नदी जमीन चावायची, ऊन दगड फोडायचं, मुळं कातळाचा गळा आवळायची. घरी आल्यावर पोरं आईबापांना सांगायची, सर म्हणतात आपलं गाव मारामारीतून झालंय. आईबाप म्हणायचे, खरंच की, ग्रामपंचायत बघून कळतंयच.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. नदीच्या काठाला आमचा मळा आहे. त्याची नदीकडची बाजू सरळ कापल्यासारखी उभी, दोन पुरुष उंच. वर काळी माती, तिच्याखाली गोट्यांचा थर, आणि त्याच्या खाली एक पांढरा पट्टा, पिठाहून मऊ, फुंकर मारली की उडणारा. गावातल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथून पाटीभर माती नेऊन भांडी घासत. तांब्यापितळेला अशी लखलखी यायची की बास. बापानंतर मळा माझ्याकडं आला तेव्हा मी विचार केला, गावाच्या बायका फुकट नेतात ते आपण सगळ्या तालुक्याला विकू. शेड टाकली, चाळणीचं यंत्र आणलं, थोडा सोडा, थोडा लिंबाचा वास, आणि पुडीवर तांब्याचं चित्र. पुडी चालली हो! नारायणगाव, मंचर, पारगाव, जिथं बाजार तिथं माझी पुडी. ऊसतोड संपली की कारखान्यावरची माणसं माझ्याकडं खणायला यायची. त्यांना खोकला लागायचा, बायांचे हात फुटायचे, पण ते मला तेव्हा दिसत नव्हतं. माझी बायको विमल मात्र घरात चुलीतली राखच वापरायची. म्हणायची, "तुमच्या पुडीनं माझी बोटं सोलतात." हे मी गिऱ्हाइकाला सांगत नसे, हे उघडच आहे.

मग एक दिवस पुण्याहून काही अभ्यासक मंडळी आली. दरडीपुढं बसून त्यांनी ती माती चिमटीनं डब्यांत भरली, भिंगातून बघितली, आणि सोपानला काहीतरी सांगून गेली. संध्याकाळी हा माझ्या दुकानात आला तो लालबुंद. "कांत्या, ती माती न्हाई रं! राख हाय ती. ज्वालामुखीची!" मी म्हटलं, "आपल्याकडं सगळंच ज्वालामुखीचं आहे, तूच सांगतोस." "आपल्या ज्वालामुखीची न्हाई, येड्या. समुद्रापल्याड, लई लांब, एक डोंगर फुटला. आसा फुटला का सूर्य झाकला. ती राख वाऱ्यावरनं हितवर आली आन आपल्या नदीत बसली. तिच्याखालच्या गोट्यांत मानसाची दगडी हत्यारं सापडत्यात. म्हंजी माणूस व्हता हितं, कांत्या. राख पडताना बघितली आसंल त्यानं!" किती वर्षांपूर्वीची गोष्ट, यावर मोठमोठ्या लोकांत भांडणं आहेत, असंही त्यानं सांगितलं, आणि त्या भांडणांचा त्याला फार आनंद झालेला दिसला. शेवटी ओट्यावर हात आपटून म्हणाला, "काचेचे बारीक तुकडे हाईत ते. म्हनून भांडी घासतंय. आन तू ते पुडीत भरून इकतो!" मी म्हटलं, "मग काय, अंगाला फासून गोसावी होऊ?" तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

त्या दिवसापासून आमचं बिनसलं. नदीचा काठ, दरड, मागचं माळरान आणि डोंगराच्या पायथ्याची झाडी, एवढा पट्टा राखून ठेवावा, कुणी खणू नये, शाळेच्या पोरांनी येऊन बघावं, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं नकाशा काढला, रंगपेटीनं रंगवला, आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. इथं म्हणायचे वनखात्याकडं जा, तिथं म्हणायचे महसूलकडं जा. ग्रामसभेत त्यानं नकाशा भिंतीला लावला तर एकानं विचारलं, "मास्तर, ह्या बागंत झोपाळा कुठं बसवनार?" सगळे खो खो हसले आणि सर्वांत मोठ्यानं मी हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या शेडवर आला. हातात घण होता. एक शब्द न बोलता त्यानं चाळणीच्या यंत्रावर तीन घाव घातले. जाळी फाटली, पट्टा तुटला, आणि शेडभर पांढरा धुरळा उठला. धुरळ्यात आम्ही एकमेकांच्या गचांड्या धरल्या. माणसांनी सोडवलं तेव्हा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालो होतो आणि दोघांच्याही नाकातून रक्त येत होतं. विमल म्हणाली, "मुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या घरातले तुम्ही, लाज वाटू द्या!" मला लाज वाटली नाही. मी नवी जाळी आणली.

पण नवी जाळी बसवली तरी माझी खणायची रीत तीच होती, आणि तिथंच माझी चूक होती. पांढरा थर खाली, आणि वर काळ्या मातीचं नि गोट्यांचं ओझं. शहाणा माणूस आधी वरचं ओझं उतरवील. पण ते उतरवायचं म्हणजे मळ्याची जमीन जाणार, दिवस जाणार, मजुरी जाणार. म्हणून आम्ही खालूनच पोखरत जायचो. मऊ राख काढली की वरचा भाग छज्ज्यासारखा पुढं राहायचा. माणसं त्याच्या सावलीत खणायची, तिथंच भाकरी खायची, घटकाभर लवंडायची. उन्हाळ्यात त्याच्यासारखी गार जागा नदीवर नव्हती. छज्जा फारच पुढं आला की एखाद्या पावसाळ्यात तो आपसूक पडायचा, आणि मग पुन्हा नव्यानं सुरुवात. सगळे असंच करत. माझा बाप घरापुरती माती काढायचा तोही असाच. सोपान मला चार माणसांत म्हणाला होता, "कांत्या, गोट्यांचा थर म्हंजी मोकळी मोहरी हाय. माती सुकली का त्याला धरनार कोन? कुनाचा तरी जीव घेशील." मी म्हटलं, तू तुझा वर्ग सांभाळ.

ती एप्रिलातली दुपार. मी जेवून दरडीवर गेलो तर खणणं बंद. सहा माणसं बाहेर वाळूत उभी आणि आत छज्ज्याखाली, पांढऱ्या खोबणीत, सोपान मांडी घालून बसलेला. मुकादम म्हणाला, "शेट, मास्तर उठंना. म्हनत्यात, खनायचं तर माझ्यावर फावडं चालवा." मी त्याला बाहेर ये म्हटलं. तो म्हणाला, "न्हाई येत." मी त्याला शिव्या घातल्या. त्यानं माझ्याहून चांगल्या परत दिल्या. मी आत शिरलो, दंड धरून ओढलं, तर तो आणखी रेलून बसला आणि हसला. तो हसला म्हणून माझं डोकं फिरलं. आज इतक्या वर्षांनी सांगताना कारण शोधतो, पण दुसरं कारण सापडत नाही. ग्रामसभेत मी जसा हसलो होतो, अगदी तसाच तो हसला. शेजारी फावडं होतं. त्याचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या डाव्या कानावर हाणला. ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. तो आडवा पडला आणि कानातून रक्त आलं, पांढऱ्या मातीवर ते फार लाल दिसलं... मी दांडा पुन्हा उचलला होता. हेही लिहायलाच पाहिजे. मुकादमानं मागून कवळ घालून मला धरलं नसतं तर मी दुसरा घाव घातला असता.

मुकादमानं आणि मी त्याला उचलून बाहेर वाळूत आणला. बाया रडत होत्या, कुणी त्याच्या तोंडावर पाणी मारत होतं. भाकरीची वेळ झाली होती, पण भाकरी सोडायला आत कोण जाणार? त्याला टेंपोत घालायला आम्ही पाठ फिरवली आणि मागं आधी खडखड झाली, वरून चार गोटे पडावेत तेवढीच. मग अख्खी दरड बसली. आवाज असा की पलीकडच्या काठावरची गुरं उधळली. धुरळा खाली आला तेव्हा खोबण नव्हती, छज्जा नव्हता, आत टेकवून ठेवलेल्या पाट्या नि भाकरीची फडकी नव्हती. एक काळा ढीग तेवढा होता. एक बाई बोटानं माणसं मोजत सुटली. सगळी भरली तरी ती पुन्हा पुन्हा मोजत होती. मी वाळूतच बसलो. माझं धोतर ओलं झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दवाखान्याच्या वाटेवर टेंपोच्या मागच्या फळीवर आम्ही दोघंच होतो. सोपानचं डोकं माझ्या मांडीवर, माझा पंचा त्याच्या कानाला. मला वाटलं, बेशुद्ध आहे. तर त्यानं डोळे उघडले आणि अगदी व्यवहाराच्या आवाजात म्हणाला, "दरड अंगावर आली म्हनून सांग." मी पंचा आणखी घट्ट दाबला. "आरं, सांग का! मानसांना मी सांगतो. कोन न्हाई बोलायचं. पोलीस न्हाई, काय न्हाई." आणि लगेच पुढची अट: "पन उद्याधरनं त्या थराला फावडं लावायचं न्हाई. जलमभर न्हाई. तुझ्या पोरानंबी न्हाई." मी म्हटलं, "सोप्या, अरे..." तो म्हणाला, "हां म्हन. मारवाड्या, सौदा हाय. सस्तात चाललाय." मी हां म्हटलं. असा तो दानधर्म झाला. त्याच्या डाव्या कानाचा पडदा गेला, आतलं हाड हललं, डॉक्टर म्हणाले हा कान आता नाही. माझी शेड महिन्याभरात बंद झाली. तो मी उदार मनानं केलेला त्याग म्हणून गावभर झाला, आणि मी तो होऊ दिला.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी मारलं म्हणून तर आरडाओरडा झाला, माणसं बाहेर थांबली आणि वाचली. मन कसलाही हिशेब जुळवतं. विमलला मी हे एवढंच सांगितलं होतं की आमची झटापट झाली आणि तेवढ्यात दरड पडली, बरं झालं. ती पोळ्या लाटत म्हणाली, "तुमच्या झटापटीनं नाही, ते आत जाऊन बसले म्हणून काम थांबलं. तुम्ही नसता गेला तरी माणसं बाहेरच होती." खाई त्याला खवखवे म्हणतात, मी त्या रात्री जेवलो नाही.

नवल म्हणजे आमची दोस्ती त्यानंतर पुन्हा जमली, आणि आधीपेक्षा घट्ट. तो दर आठवड्याला दुकानात यायचा, नेहमी माझ्या डाव्या बाजूला, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडं येईल असा बसायचा. गिऱ्हाइकांपुढं मोठ्यानं म्हणायचा, "काय दानशूर कांतिशेठ, च्या पाजता का?" आणि माझा चेहरा बघून मनापासून खूश व्हायचा. छळायचा मला. पण शब्द मोडला नाही, ना दारू पिऊन, ना भांडणात. पोरांच्या सहली आणायचा, मला मुद्दाम बोलवायचा आणि दरडीपुढं उभं करून सांगायचा, "हे बघा, ह्यांच्यामुळं वाचली." पट्टा राखीव करायचा कागद काही शेवटपर्यंत निघाला नाही. कचेरीतला माणूस बदलला की अर्ज पहिल्यापासून. पण सोपान होता तोवर तो पट्टा राखलेलाच होता. उसात बिबटे वाढले, माणसं दिवसासुद्धा काठ्या घेऊन फिरू लागली, तरी हा रिकामा डबा बडवत दरडीवर जायचाच. एका पावसाळ्यात वरच्या धरणाचं पाणी सुटलं आणि कुकडी काठ फोडत आली. मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टेंपोत भरून नेल्या. आम्ही दिवसभर गुडघ्याएवढ्या पाण्यात वाळू भरभरून थरापुढं रचत होतो आणि नदी एकेक गोणी ओढून नेत होती. सोपान नदीला शिव्या देत होता, रांडंपासून पुढं सगळ्या. माझा पाय सुटला तेव्हा त्यानं माझी मानगूट पकडली आणि वर ओढलं. म्हणाला, "मर की! पन आधी ती गोनी दे." पाणी ओसरलं तेव्हा बघतो तर नदीनं जुना काळा ढीग सगळा धुऊन नेला होता आणि आतला पांढरा पट्टा, जिथं त्या दुपारी सोपान बसला होता तिथपर्यंत, पुन्हा उघडा पडला होता. वरचा काठ मात्र पुन्हा छज्ज्यासारखा पुढं टांगलेला. दोघंही बघत उभे राहिलो.

शोकसभेतला तो नमस्कार मला झोपू देईना. मागच्या आठवड्यात मी सुमनवहिनीकडं गेलो. ओसरीवर बसलो, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, "वहिनी, दरडीवर सोपानच्या नावानं काहीतरी करू. तुमच्या हातानं." ती एकदम कडू झाली. "त्या दरडीचं नाव काढू नका भावजी माझ्यापुढं. मेलीनं माझ्या मानसाचा कान खाल्ला. लगीन झाल्यापून दर साली म्हनायचे, चल, एकदा बघून तरी ये. आधी लेकरं ल्हान व्हती, म्हनून न्हाई गेले. आन मग ती पडली त्यांच्यावर. त्यानंतर तर म्या शप्पतच घेतली. रेखालाबी कधी जाऊ दिलं न्हाई. मी डावीकडनं बोललेलं त्यांना आयकू यायचं न्हाई, तवा दर टायमाला म्या त्या दरडीला तळतळाट दिला." ती पदरानं डोळे पुसत होती. "सरते शेवटी म्हनाले, सुमन, माझ्यासंगं न्हाई आली तर न्हाई, पन माझ्यामागं एकदा जा. म्या म्हनलं, तुमच्या मागं तर आगच लावीन तिला."

मला वाटत होतं, त्या खोट्यानं माझी अब्रू वाचली आणि दरड वाचली, बाकी कुणाचं काय गेलं? आता कळलं, त्यानं माझं नाव लपवलं म्हणून त्याची बायको त्याच्या सगळ्यात लाडक्या जागी एकदाही त्याच्याबरोबर उभी राहिली नाही, आणि हे त्यानं मला एका शब्दानं कधी सांगितलं नाही. मी सगळं बोललो. फावडं, दांडा, दुसरा उचललेला घाव, टेंपोतला सौदा. ती ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी दरड त्यांच्यावर पडलीच न्हाई?" मी म्हटलं, "नाही वहिनी. तो बाहेर होता." ती उठली. मला वाटलं, आता पायताण घेऊन येते, आणि ते मी खाल्लंही असतं. ती पायताण घालून आली आणि म्हणाली, "गाडी काढा."

नदीवर गाडी थांबताच ती उतरली. दरडीसमोर आली आणि बराच वेळ नुसतीच बघत राहिली. वर काळं, मधे गोटे, खाली ती पांढरी रेघ, उन्हात डोळे दिपवणारी. मग तिनं तळहात थराला लावला आणि उचलून बघितला, बोटांना पीठ लागावं तसं पांढरं लागलं होतं. "कुठं बसले व्हते?" मी जागा दाखवली. ती वाकून आत गेली आणि तिथंच, तशीच, मांडी घालून बसली. वरून दोन खडे सुटून माझ्या पायाशी पडले. मी ओरडलो, "वहिनी, बाहेर या! वरचं धरलेलं नाही, कधीही येईल!" ती म्हणाली, "न्हाई येत." "वहिनी, पाया पडतो!" तर तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "त्यांना कसं उठवलं व्हतं? तसं उठवा. दांडा आना."

मी आत जाऊन तिच्या शेजारी बसलो. दुसरं मला काही सुचलंच नाही. आत गार होतं. नदीचा आवाज येत होता आणि डोक्यावर दोन पुरुष उंचीचं ओझं होतं. मी या वयात हमसून रडलो, आणि तिनं मला गप्प केलं नाही. रडणं थांबल्यावर ती म्हणाली, "मला एकलीला सांगून काय उपेग? शाळंत टाळ्या वाजवल्या त्या समद्यांनी घेतल्या पायजेत परत. तुमी लिहिता ना पेपरात अधूनमधून बाजारभावाचं? हे लिहा. नाव घालून लिहा." मी म्हटलं, "लिहितो." ती म्हणाली, "दुसऱ्या घावाचंबी." मी म्हटलं, "तेही लिहितो." मग ती उठली, लुगडं झटकलं, आणि आम्ही दोघं बाहेर आलो.